कार्पेट काढून लाकडी पायऱ्या: लाकूड नंतर ठरवा, आधी पायऱ्यांची उंची मोजा

प्रश्न थोडक्यात असा होता: घरातल्या जिन्यावर जुनं कार्पेट आहे, ते काढून मापाप्रमाणे बनवून घेतलेल्या अस्सल लाकडाच्या पायऱ्या बसवायच्या आहेत. सुतार म्हणतो, खालच्या पायऱ्या तोडायची गरज नाही, त्यावरच 20 मिमीच्या फळ्या चिकटवू, काम झटपट होईल. ते बरोबर आहे का? ओक घ्यावा, साग घ्यावा की आणखी काही? घरात सत्तरीच्या सासूबाई आहेत आणि चार वर्षांचा मुलगाही.

सुताराचं म्हणणं पूर्ण चूक नाही. पण त्याने तुम्हाला एक गोष्ट सांगितलेली दिसत नाही, आणि माझ्या मते हा सगळा प्रश्न त्याच गोष्टीचा आहे.

समजा, तुमच्या जिन्याला 14 चढ (चढ म्हणजे एका पायरीपासून पुढच्या पायरीपर्यंतची उंची) आहेत आणि प्रत्येक चढ 190 मिमीचा आहे. आता प्रत्येक पायरीवर 20 मिमीची फळी चढवली. मधल्या पायऱ्यांमध्ये काहीच बदलत नाही, कारण खालचीही वाढली आणि वरचीही. पण तळमजल्याची जमीन जागच्या जागी आहे, त्यामुळे पहिला चढ 210 चा झाला. वरच्या मजल्याची जमीनही हललेली नाही, त्यामुळे शेवटचा चढ 170 चा झाला. एकाच जिन्यात 40 मिमीचा फरक. अमेरिकेतल्या आदर्श निवासी संहितेत एका जिन्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या चढात 9.5 मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. हा आकडा उगाच कडक ठेवलेला नाही. जिना चढताना दोन-तीन पायऱ्यांत पायाला उंचीचा अंदाज बसतो आणि मग आपण खाली बघतच नाही. शेवटची पायरी अचानक बुटकी निघाली की चढताना पाय हवेत राहून दणकन आपटतो. उतरताना उलट होतं: तळाशी जमीन अपेक्षेपेक्षा खाली असते. हातात कपड्यांची बादली असेल तर मग विचारूच नका.

म्हणून लाकडाचा नमुना बघायला जाण्याआधी कार्पेटची एक कड उचला आणि प्रत्येक चढ डावीकडे आणि उजवीकडे मोजून कागदावर लिहा. माप नेहमी पक्क्या पृष्ठभागापासून पक्क्या पृष्ठभागापर्यंत घ्या, कार्पेटवरून नको. खालच्या आणि वरच्या खोलीची जमीन पुढे बदलणार असेल, तर ती झाल्यावर जी पातळी असेल ती धरा. बऱ्याच घरांत जिना, हॉल आणि वरचा पॅसेज एकदमच कार्पेटमुक्त करायचे असतात. असं असेल तर तुमचा प्रश्न जवळजवळ आपोआप सुटतो: वर-खाली दोन्ही जमिनींवर 20 मिमीचं लाकूड येणार असेल आणि पायऱ्यांवरही 20 मिमीच, तर सगळे चढ पूर्वीसारखेच राहतात. सुताराची पद्धत तिथे बिनधास्त वापरा.

जमिनी बदलायच्या नसतील, तर मी जुन्या आडव्या फळ्या काढायलाच सांगेन. जुनी फळी जेवढ्या जाडीची, तेवढीच नवी. जुनी 38 मिमीची असेल आणि नवी 27 ची बनवून घेतली, तर खाली 11 मिमी प्लायची पट्टी घाला. हिशेब बरोबर जुळला पाहिजे, एवढंच. फळ्या किती सहज निघतील हे जिन्याच्या बांधणीवर अवलंबून आहे. बाजूच्या तिरप्या फळ्या, म्हणजे स्ट्रिंगर, करवतीच्या दातांसारखे कापलेले असतील आणि पायऱ्या त्यांवर नुसत्या ठेवून ठोकल्या असतील, तर वरून पहार लावून निघतात. पण स्ट्रिंगरला खाच पाडून पायरी आत सरकवलेली आणि खालून पाचर मारलेली असेल, तर जिन्याच्या पोटाशी हात पोचायला हवा. जिन्याखाली कपाट असेल तर नशीब. प्लास्टर असेल तर ते फोडावं लागेल, आणि ते काम घरच्यांना सर्वांत जास्त नकोसं होतं. अशा वेळी खाचेतल्या पायऱ्या तशाच ठेवून, खालची जमीन पहिल्या चढापाशी उचलता येईल का आणि वरच्या लँडिंगला किती उंची देता येईल, हे आधी बघावं लागतं. जिना नव्यानेच बांधायचा ठरला, तर दोन चढ आणि एक धाव, म्हणजे पायरीची पुढून मागे आडवी लांबी, मिळून 600 ते 640 मिमी यावेत, हा 17व्या शतकातल्या फ्रांस्वा ब्लोंडेल या फ्रेंच वास्तुविशारदाच्या नियमावरून आलेला हिशेब आजही कामाला येतो. 190 चा चढ आणि 250 ची धाव धरली तर बेरीज 630 होते. तुमच्या भागाचे बांधकाम नियम याहून वेगळं काही सांगत असतील तर तेच पाळा.

उंचीची आणखी एक बाजू सहसा कोणी बघत नाही, ती म्हणजे कठडा. कठड्याची उंची पायरीच्या पुढच्या कडेपासून मोजतात. पायऱ्या 20 मिमीने वर आल्या की कठडा तेवढाच बुटका होतो. आधीच तो नियमाच्या काठावर असेल तर त्याचाही विचार आताच करा. गज पायरीत रोवलेले असतील तर ते काढून परत बसवायचेच आहेत.

कार्पेट काढल्यावर खाली काय निघेल, याची तयारी ठेवा. जी पायरी कार्पेटखाली झाकायची आहे, तिला कोणी चांगलं लाकूड वापरत नाही. बहुतेक वेळा पाइनसारखं मऊ लाकूड, प्लाय किंवा भुशाचा दाबलेला बोर्ड असतो, त्यावर रंगाचे शिंतोडे आणि शेकडो स्टेपल. कडेला खिळे वर असलेल्या पट्ट्या असतात. त्या कार्पेटच्याच दिवशी काढा. मूल अनवाणी त्या जिन्यावर जाणार, हे गृहीतच धरा. स्टेपल पक्कडीने उपसा, ठोकून आत घालू नका. विशेषतः वर ओक येणार असेल तर. ओकमधलं टॅनिन, लोखंड आणि थोडा ओलावा एकत्र आले की निळा-काळा डाग पडतो, आणि तो पॉलिश पेपरने घासून जात नाही. त्याच कारणाने ओकवर स्टीलच्या लोकरीने घासून पाण्याचं फिनिश लावू नये. घर बरंच जुनं असेल तर पायऱ्यांच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं. घासण्याआधी तपासून घ्या. चार वर्षांच्या मुलाच्या घरात ती धूळ उडवणं योग्य नाही.

उघडा जिना हाताशी आला की त्याची कुरकूर मोडायची हीच वेळ. प्रत्येक पायरीच्या मध्यावर, मग दोन्ही टोकांना पाय देऊन वजन टाका, आणि आवाज आला तिथे खडूने खूण करा. आवाज लाकडाचा नसतो, फटीचा असतो. आडवी फळी उभ्या फळीवर घासते, किंवा सैल खिळ्यावर वर-खाली होते. स्ट्रिंगरमध्ये स्क्रू मारा, फटीत सरस लावलेली पाचर घाला, खालून हात पोचत असेल तर कोपऱ्यात लाकडी ठोकळे चिकटवा. दाबलेल्या बोर्डात स्क्रू नीट धरत नाही. तो बोर्ड फुगलेला किंवा चिरलेला असेल तर त्यावर नवी पायरी चढवायचा विचार सोडा. नवी महाग फळी जुन्या कुरकुरत्या पायरीवर चिकटवली, तर कुरकूर तशीच राहते आणि मग तिथे पोचायला वाट नसते.

आता लाकूड. लोक कडकपणाचे आकडे विचारतात, म्हणून सांगतो. जँका या लाकडाचा कडकपणा मोजणाऱ्या चाचणीत (आकडा मोठा, तितकं लाकूड कडक) लाल ओक 1290, पांढरा ओक 1360च्या आसपास, हार्ड मेपल 1450, हिकरी 1820, अक्रोड 1010, आणि साग साधारण 1000 ते 1150 पौंड-बलात येतो. घरगुती जिन्यासाठी यांतलं कुठलंही चालतं. अक्रोडावर टाचांचे खळगे लवकर दिसतील, हिकरी कापताना सुतार तुम्हाला शिव्या घालेल. मऊ पाइन मी पायरीच्या वरच्या थरासाठी घेत नाही, एवढंच. पण जिन्यात खरा त्रास कडकपणाचा नसतो, हालचालीचा असतो.

लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. सपाट चिरलेल्या, म्हणजे ओंडक्याची वलयं फळीच्या रुंदीला साधारण समांतर येतील अशा कापलेल्या, लाल ओकची 280 मिमी रुंद पायरी घेतली आणि तिच्यातला ओलावा 4 टक्क्यांनी कमी-जास्त झाला, तर ती साधारण 4 मिमी आकसते किंवा फुगते. तोच ओक त्रिज्येच्या दिशेने, म्हणजे ओंडक्याच्या मध्याकडून सालीकडे, चिरलेला असेल तर हालचाल 2 मिमीच्या आत राहते. साग सपाट चिरलेला असला तरी जेमतेम 2 मिमी हलतो. म्हणून सागाला मान आहे, तो फक्त त्याच्या रंगासाठी नाही. ज्या घरात पावसाळ्यात भिंती ओलसर आणि उन्हाळ्यात कोरड्या खडखडीत होतात, किंवा थंडीत हीटर चालतात, तिथे मी साग किंवा त्रिज्येने चिरलेला ओक सुचवतो. फक्त साग तेलकट असतो. चिकटवण्याआधी आणि पॉलिशआधी सांध्याच्या जागा अॅसिटोनने पुसून घ्या, नाहीतर सरस आणि फिनिश दोन्ही धरत नाहीत.

कारखान्याला ऑर्डर देताना झाडाच्या नावाइतकंच ओलाव्याचं माप लिहून घ्या. घरातली हवा 50 टक्के आर्द्रतेची असेल तर लाकूड कालांतराने 9 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं, 30 टक्क्यांना सुमारे 6 टक्क्यांवर आणि 65 टक्क्यांना 12 टक्क्यांवर. तुमच्या घराच्या वर्षभराच्या हवेच्या मध्यावर बसेल असं लाकूड मागा, आणि फळ्या आल्या की मीटर लावून तपासा. साधा दोन टोकांचा मीटर पुरे. 14 टक्क्यांची फळी घरात आली तर ती परत पाठवा. नंतर कडा उचलल्या की कोणी जबाबदारी घेत नाही. फळ्या घरात आणायच्या त्या प्लास्टर, रंग अशी सगळी ओली कामं संपून घर राहण्याच्या स्थितीत आल्यावर. मधे पट्ट्या घालून थर रचा, भिंतीला टेकवून उभ्या करू नका.

पायरी अखंड एका फळीची असावी, असा हट्ट नको. 60 ते 100 मिमीच्या पट्ट्या कडेला कड चिकटवून केलेली पायरी जास्त सरळ राहते. मात्र पट्ट्या पूर्ण लांबीच्या मागा. मधे बोटांसारखे दाते घालून जोडलेले तुकडे दिसायला विटांच्या बांधकामासारखे वाटतात, आणि रंग गडद असेल तर प्रत्येक तुकडा वेगळा उठून दिसतो. उभ्या फळ्यांसाठी व्हिनिअर लावलेली प्लाय चांगली. ती हलत नाही, आणि बुटांचे ठोसे बसणार असल्याने तिथे खर्चिक लाकूड लावण्यात अर्थ नाही. पांढरा रंग फोटोत छान दिसतो, पण लहान मुलाच्या घरात तो पहिल्या महिन्यातच काळ्या रेघांनी भरतो. शक्यतो एक-दोन पायऱ्या जास्तीच्या बनवून घ्या. त्याच झाडाची, त्याच छटेची फळी तीन वर्षांनी मिळेलच असं नाही.

मापं घेण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण मापाने बनवलेला जिना बिघडतो तो इथेच. भिंती समांतर नसतात. एका पायरीचं माप घेऊन सगळ्या तशाच कापल्या, तर वर जाईपर्यंत एका बाजूला बोट जाईल एवढी फट पडते. प्रत्येक पायरीसाठी वेगळं माप हवं. दोन टोकांना प्लायचे छोटे तुकडे आणि मधे सरकणारी पट्टी असा साचा करा. टोकं भिंतीला किंवा स्ट्रिंगरला अचूक टेकवा, पट्टी घट्ट करा, साचा फळीवर ठेवून आखा. फळीच्या मागे पायरीचा क्रमांक लिहा, आणि "डावी" तेही. कापताना टोकाला दोन-तीन अंशांचा आतला उतार द्या, म्हणजे वरची कड भिंतीला घट्ट बसते आणि खाली थोडी मोकळीक राहते. पायरी भिंतीवर घासत आत घालण्याऐवजी आधी कोरडी बसवून पाहा.

वळणावरच्या तिरकस पायऱ्या असतील तर प्रत्येकीचा कडक पुठ्ठ्याचा किंवा पातळ प्लायचा साचा करून कारखान्याला साचाच द्या. आकडे देऊ नका. या पायऱ्या रुंद टोकाला बऱ्याच मोठ्या असतात, त्यामुळे हालचालही मोठी. लाकडाची रेघ, म्हणजे तंतूंची दिशा, पुढच्या कडेला समांतर ठेवा आणि मागच्या बाजूला श्वास घ्यायला जागा सोडा.

पुढची कड, म्हणजे नोझिंग, उभ्या फळीच्या पुढे 20 ते 30 मिमी यावी आणि सगळ्या पायऱ्यांवर एकसारखी असावी. जुन्या पायरीवर चढवत असाल तर जुनं गोल नोझिंग उभ्या फळीच्या रेषेत कापून टाका. धाव दोन नोझिंगमधल्या अंतराने मोजतात, त्यामुळे ती कमी होत नाही. कडेला निदान 3 मिमीची गोलाई द्या. धारदार कड नवी असताना देखणी दिसते, पण फिनिश धारेवर पातळ बसतं आणि सर्वांत आधी तिथेच झिजतं.

जिन्याची एक बाजू उघडी असेल तर त्या टोकाला नोझिंग वळवून आणतात. बहुतेक जिने इथेच फुटतात. वळवलेल्या पट्टीची रेघ पायरीच्या रेघेला काटकोनात असते. पायरी रुंदीत हलते, पट्टी लांबीत हलत नाही. ती पूर्ण लांबीने सरसाने चिकटवली, की एका हंगामात पुढचा तिरका सांधा उघडतो किंवा पायरीच चिरते. सरस फक्त पुढच्या सांध्याला लावा, मागे लांबट भोकातून स्क्रू घाला, म्हणजे पायरीला सरकता येतं. सुताराला हे आधी विचारून बघा. उत्तरावरून त्याचा हात कळतो.

बसवायचा क्रम मी खालून वर ठेवतो: पहिली उभी फळी, तिच्यावर आडवी, आडवीच्या मागच्या कडेवर पुढची उभी. असं केलं की आडवी फळी आकसली तरी फट उभ्या फळीखाली झाकली जाते. आधी सगळ्या उभ्या आणि मग आडव्या त्यांना भिडवल्या, तर प्रत्येक कोरड्या ऋतूत प्रत्येक पायरीमागे काळी रेघ दिसेल. पॉलियुरेथेनचा बांधकामाचा चिकट नागमोडी घाला, पुढच्या भागात घट्ट धरा, मागे कमी. स्क्रू खालून मारता आले तर वर एकही भोक दिसत नाही. चिकट सुकेपर्यंत त्या पायरीवर वजन नको. घरात दुसरा जिना नसेल तर कोण वर झोपणार आणि कोण खाली, हे सकाळीच ठरवून ठेवा. सासूबाईंची सोय तेवढे दिवस खालीच करा.

कार्पेटखाली काँक्रीटचा जिना निघाला तर गोष्ट सोपीही आहे आणि अवघडही. कुरकूर नाही, पण ओल असू शकते. एका पायरीवर जाड प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून दिवसभर ठेवा. खाली थेंब जमले किंवा काँक्रीट गडद झालं, तर ओल येते कुठून ते शोधा, लाकूड नंतर. कोरडं असेल तर वरचे खळगे भरून, समपातळीत आणून मग लाकूड. उंचीचा हिशेब इथेही तोच लागतो, आणि इथे जुनी पायरी काढता येत नाही.

फिनिश आणि घसरण यांबद्दल मी जरा हट्टी आहे. जिन्यावर चकचकीत पॉलिश लावायचं नाही. मॅट किंवा फार तर साटन. घासताना 120 ते 150 नंबरवर थांबा, पायरीला आरशासारखी गुळगुळीत करण्यात काही मिळवणं नाही. पॉलियुरेथेनच्या शेवटच्या थरात घसरणरोधक बारीक पूड मिसळता येते, पाहुण्यांना ती दिसत नाही पण पायाला कळते. तेल-मेणाचं फिनिश घेतलं तर एखादी खराब झालेली पायरी तेवढीच दुरुस्त करता येते. पॉलियुरेथेन जास्त टिकतं, पण ठिगळ लावलेलं दिसतं. सहाही बाजूंना, म्हणजे खालच्या बाजूलाही, निदान एक थर बसवण्याआधीच द्या. फक्त वरून पॉलिश केलेली फळी खालून ओलावा घेते आणि वाकते. पॉलियुरेथेन चालण्याजोगं एक-दोन दिवसांत होतं, पण तेलाच्या प्रकाराला पूर्ण कडक व्हायला महिनाभर लागतो. तोवर जिन्यावर काही अंथरू नका. आणि तेलाने भिजलेली फडकी चुरगळून टोपलीत टाकू नका. जवसाच्या तेलाची फडकी आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

सासूबाई आणि मुलगा, या दोघांसाठी माझं मत ऐकायचं असेल तर लाकडी पायऱ्या करा, पण मधोमध घट्ट विणीची रनर पट्टी, म्हणजे जिन्याच्या लांबीने जाणारी अरुंद कार्पेटची पट्टी, लावा, दोन्ही बाजूंना लाकूड दिसू द्या. कार्पेट पडलेल्याला थोडं झेलतं आणि पावलांचा आवाज खातं. ते काढल्यावर रात्री कोणी खाली पाणी प्यायला गेलं की वरच्या खोलीत कळतं. जिन्याखाली मोकळी जागा असेल तर ध्वनिरोधक लोकर भरल्याने बराच फरक पडतो. रनर सैल ठेवायची नाही, प्रत्येक पायरीच्या कोनात पक्की करायची, आणि तिच्यासाठी खिळे ठोकताना ओक असेल तर स्टेनलेसचेच. दोन्ही बाजूंनी हात धरता येईल असा कठडा मिळाला तर फार बरं. दिवा वरून आणि खालून, दोन्ही स्विचने लागला पाहिजे. गडद लाकडावर पायरीची कड अंधारात दिसत नाही. त्यासाठी नोझिंगला किंचित वेगळी छटा दिली तरी चालते.

पुढची देखभाल फारशी नाही. कोरडा मॉप किंवा नीट पिळलेलं फडकं, पाणी ओतून पुसणं नाही. पायऱ्यांच्या मधोमध चकाकी फिकी पडू लागली की वरचा थर हलका घासून नवा द्या. लाकूड उघडं पडेपर्यंत थांबलात तर सगळा जिना परत घासावा लागतो.